बावड्याच्या रस्त्यावरचा फलक : कामाच्या नोंदी

२२ नोव्हेंबर

ठरलं एकदाचं. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या रस्त्यावर, शाहू महाराजांच्या जन्मघराकडं, म्हणजे लक्ष्मी विलास पॅलेसकडं वळायच्या जागी, एक कायमचा माहितीफलक उभा करायचा. पैसे मंडळाच्या गणपतीच्या शिलकीतून, कमी पडतील तेवढी वर्गणी. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडं आलं, कारण बैठकीला वही फक्त मीच नेली होती.

गरज काय ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी "हे कशाला काढलंय?" म्हणालं तर पान उघडून दाखवता येईल. बाहेरगावची माणसं अंबाबाई करतात, रंकाळा करतात, न्यू पॅलेसचं म्युझियम बघतात आणि शाहू महाराज तिथंच जन्मले असा समज घेऊन हायवेला लागतात. ज्याला जरा जास्त माहीत असतं तो म्हणतो, कागलला. दोन्ही चूक. न्यू पॅलेसचं बांधकाम सुरू झालं १८७७ ला आणि पुरं झालं १८८४ ला. महाराजांचा जन्म १८७४ चा. तेव्हा त्या राजवाड्याचा पायासुद्धा खणलेला नव्हता. भाऊसिंगजी रोडवरच्या टाऊन हॉलचं काम तेवढं चालू होतं. आणि कागल हे वडिलांच्या, घाटग्यांच्या जहागिरीचं गाव. जन्म झाला तो बावड्यातल्या या पॅलेसमध्ये.

न्यू पॅलेसवरून तोच रस्ता पुढं बावड्यात येतो. पाहुण्याला तेवढं पुढं यायला कुणी सांगत नाही, एवढंच.

३० नोव्हेंबर

जागेची पाहणी. एक गोष्ट पहिल्यांदाच पक्की केली : पॅलेसच्या भिंतीला, फाटकाला, आवाराला आपण हात लावायचा नाही. ती राज्याची संरक्षित वास्तू आहे, तिला प्राचीन स्मारकांचा १९६० चा कायदा लागू आहे. आत काय लावायचं ते पुरातत्त्ववाले बघतील. आपलं काम रस्त्याच्या कडेपुरतं.

गळीत हंगाम सुरू झालाय. राजाराम कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्या एकामागं एक. उसाचे शेंडे ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेले असतात, आणि ड्रायव्हरच्या टेपवर गाणं एवढं मोठं की मागं काय घासतंय ते त्याला कळणारच नाही. फलक डांबराच्या कडेपासून किती आत घ्यायचा हे हंगामातच मोजलं पाहिजे, उन्हाळ्यात रिकामा रस्ता बघून मोजलं तर फसगत. एका ट्रॉलीचे शेंडे जिथवर आले तिथं खडूची खूण केली आणि तिच्या आत आणखी दोन हात सोडले.

खांब एकच. यावर सगळ्यांचं झटक्यात एकमत झालं. कोल्हापुरात दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बसलाच म्हणून समजा.

८ डिसेंबर

मजकुराची पहिली बैठक. इतिहासाचे निवृत्त सर मसुदा घेऊन आले. फुलस्केपची दोन पानं, दोन्ही बाजूंनी. त्यात १९०२ चं आरक्षण, १९०६ ची शाहू मिल, १९१२ चं खासबाग मैदान, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९२० ची माणगाव परिषद, बोर्डिंगं, राधानगरीचं धरण. यातलं एक अक्षर खोटं नाही. पण यातली एकही गोष्ट या घरात घडलेली नाही.

माझं म्हणणं मी मांडलं : फलक घराचा आहे. घरात जे घडलं ते घराच्या फलकावर. आरक्षणाचा जाहीरनामा इथं निघाला नाही, मिलचा भोंगा इथं वाजला नाही. ज्या गोष्टी जिथं घडल्या तिथं त्यांचे फलक लावू, पुढं पैसे जमतील तसे. इथं एक मूल जन्माला आलं, त्याचं नाव यशवंतराव घाटगे होतं, आणि त्या वेळी पुढं काय होणार हे कुणालाही माहीत नव्हतं. एवढं एका फलकाला पुरे आहे.

सर तापले. "म्हणजे महाराजांच्या फलकावर आरक्षणाचा उल्लेख नाही? लोक काय म्हणतील?" त्यांचा राग मला समजतो. त्यांच्या घरात पहिली नोकरी कुणामुळं लागली हे ते दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी त्यांचा आवाज त्याच ठिकाणी बसतो. आज काहीच ठरलं नाही. चहा मात्र दोनदा झाला.

१५ डिसेंबर

फलक कशाचा करायचा?

फ्लेक्स आणि व्हिनाईल बाद. दोन उन्हाळ्यांत लाल रंग उडतो आणि निळा तेवढा उरतो. ग्रॅनाईटवर कोरून रंग भरता येतो, पण रंग निघाला की काळ्यावर काळं, बाईकवरून काही दिसत नाही. पितळ देखणं, पण पितळ रस्त्यावर ठेवणं म्हणजे भंगारवाल्याला आमंत्रण.

मग कुणीतरी बोललं की आपण बसलोय कुठं? उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. देशभरातल्या गाड्यांचे, इंजिनांचे भाग ओतणारं गाव हे, आणि आपण फलक छापायचा म्हणतोय. ओतायचा! उठावाची अक्षरं असलेली अ‍ॅल्युमिनियमची प्लेट. अक्षर धातूचंच असेल तर रंग गेला तरी वाचता येतं. अगदी दिसेनासं झालं तर हात फिरवून वाचता येईल. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यानं १९२७ पासून हमरस्त्यांवर अशाच ओतीव पाट्या लावल्यात, जुने वाडे, लढायांची मैदानं, थोरांची जन्मघरं यांच्या. गाडीतल्या माणसानं जाता जाता वाचावं आणि थांबायचं की नाही ते ठरवावं, हा तिथला हिशेब. आमचाही तोच.

४ जानेवारी

पॅटर्नवाल्या काकांकडं, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्या. उद्यमनगरात, आत बोळात. हाताखाली दोन पोरं, भिंतीला पंपाच्या बॉडीचे, पुलीचे लाकडी पॅटर्न टांगलेले. आता अक्षरं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मशीनवर, कापून बसवतात, पण पाटी आणि जोडकाम अजून हातानंच.

आमचा कागद त्यांनी लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"अक्षरं लई बारीक झाल्यात. वाळू टिकंल व्हय?"

मग समजावून सांगितलं, ते इथं नीट टिपून ठेवतो. पॅटर्न वाळूत दाबतात, वर काढतात, त्याची पोकळी राहते, तिच्यात धातू ओततात. अक्षर उठावाचं हवं म्हणजे वाळूत ते खड्डा म्हणून उमटणार. त्या खड्ड्याच्या मधोमध, 'व'च्या पोटात, 'ध'च्या पोटात, वाळूचा एक छोटा सुळका उभा राहतो. पॅटर्न उचलताना तो सुळका मोडला की 'व'चं पोट धातूनं भरतं आणि त्याचा गोळा होतो. इंग्रजी पाट्यांना हा त्रास कमी. त्यांच्यात पोटं असलेली अक्षरं मोजकी. आपल्यात व, ब, ध, घ, थ, भ, शिवाय वर वेलांट्या, खाली उकार, आणि अनुस्वार म्हणजे तर नुसता टिंबाएवढा खड्डा. 'घाटगे', 'यशवंतराव', 'राधाबाई', सगळी अवघड गिऱ्हाइकं एकाच पाटीवर.

उपाय : अक्षरांच्या कडा सरळ उभ्या न ठेवता थोड्या उतरत्या ठेवायच्या, म्हणजे पॅटर्न वाळूतून अलगद सुटतो. पोटं मोठी करायची. दोन ओळींत अंतर जास्त, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

प्लेट साडेतीन फूट बाय अडीच फूट. अ‍ॅल्युमिनियम गार होताना शंभराला सव्वाच्या आसपास आक्रसतं, म्हणून पॅटर्न साधारण चौदा मिलिमीटर लांब करावा लागेल. त्यासाठी काकांकडं वेगळी पट्टीच आहे, जिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा थोडा मोठा. पोराच्या हातून ती पट्टी साध्या पट्ट्यांत मिसळली म्हणून आमच्या समोरच त्याला झाड झाड झाडलं.

जाताना विचारलं, "मजकूर फायनल हाय न्हवं? पॅटर्न झाल्यावर काना मात्रा बदलणार न्हाई मी."

मजकूर फायनल नाही.

११ जानेवारी

पुठ्ठ्यावर खऱ्या मापात मजकूर छापून जागेवर धरला. जाणाऱ्या येणाऱ्यांना वाचायला लावला. यातून सभेत निघालं नसतं ते निघालं.

पहिली ओळ आम्ही ठेवली होती 'येथे यशवंतराव घाटगे यांचा जन्म झाला'. एक रिक्षावाले मामा थांबले, वाचलं आणि म्हणाले, "यशवंतराव? चव्हाणसाहेबांचा जन्म देवराष्ट्राचा की हो!" बरोबर आहे त्यांचं. महाराष्ट्रात नुसतं यशवंतराव म्हटलं की दुसरं कोण आठवणार? शीर्षकात शाहू महाराजांचं नाव ठळक आलंच पाहिजे, यशवंतराव नंतर.

दुसरं, 'येथे' चालणार नाही. फलक रस्त्यावर, शेजारी पानटपरी, मागं ड्रेनेजचं झाकण. जन्म इथं झाला असं वाचून एका कॉलेजच्या पोरानं खरंच टपरीकडं बघितलं. बाण आणि 'लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये' असं स्पष्ट हवं.

तिसरं, बाईकवरून जाणारा शीर्षक आणि एक तारीख वाचतो. थांबलेला माणूस सगळं वाचतो. म्हणून शीर्षकाचं अक्षर खालच्यापेक्षा दुप्पट.

१९ जानेवारी

मजकुराची दुसरी बैठक. आज काम झालं.

कुटुंबाबद्दल काय लिहायचं यावर चांगली चर्चा. वडील जयसिंगराव घाटगे, कागलच्या थोरल्या पातीचे. आई राधाबाई, मुधोळच्या घोरपड्यांच्या कन्या. यशवंतराव तीन वर्षांचे असताना आई गेल्या. धाकटे बंधू पिराजीराव पुढं कागलचे अधिपती झाले. जयसिंगराव नुसते जहागीरदार नव्हते. चौथे शिवाजी महाराज गादीवर असताना संस्थानचे रिजंट म्हणून कारभार तेच बघत होते. शिवाजी महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं, तिथंच २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. मग आनंदीबाई राणीसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं, आणि दहा वर्षांचंही न झालेलं पोर शाहू छत्रपती झालं. दोन वर्षांत वडीलही गेले. पुढं शिक्षण राजकोटला, मग धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली.

हे सगळं फलकावर नाही येणार. पण बैठकीत सर हे सांगत होते तेव्हा खोलीत कुणी मोबाईल बघत नव्हतं. दोन्ही पानांवरच्या यादीपेक्षा हे वेगळं होतं. यादी आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. दर २६ जूनला भाषणात ऐकतो. तीन वर्षांचा आई नसलेला मुलगा आम्ही आज पहिल्यांदा नीट ऐकला. सरांनाही ते जाणवलं असावं, कारण आरक्षणाचा मुद्दा त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला. अट एकच घातली : "शिवाजी मार्केटजवळ आरक्षणाचा पुढचा फलक लावाल तेव्हा २६ जुलै १९०२ मी सांगीन तशी लिहायची." कबूल.

त्यांनी एक धोकाही दाखवला. जन्म २६ जून, आरक्षणाचा जाहीरनामा २६ जुलै. दोन्ही तारखा एका पाटीवर आल्या तर वाचणारा घरी जाईपर्यंत त्यांची अदलाबदल करणार. चला, एक कारण आणखी सापडलं.

'राजर्षी' लिहायचं का? ती पदवी १९१९ ची, कानपूरच्या कुर्मी परिषदेतली; जन्मघराच्या फलकावर कालक्रमानं बसत नाही. पण कोल्हापुरात 'राजर्षी' शिवाय पाटी लावून बघा. शीर्षकात ठेवलं, मजकुरात नाही.

पक्का मजकूर :

राजर्षी शाहू छत्रपती जन्मस्थळ
लक्ष्मी विलास पॅलेस
कागलचे जयसिंगराव घाटगे व राधाबाई यांचे पुत्र यशवंतराव यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी या पॅलेसमध्ये झाला. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू छत्रपती झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. निधन ६ मे १९२२, मुंबई.

वाचून बघताना लक्षात आलं : १८७४, १८८४, १८९४. तिन्ही सालं दहादहा वर्षांच्या अंतरानं, फरक फक्त मधल्या एका आकड्याचा. काकांना सांगितलं पाहिजे की ७, ८, ९ यांच्यावर जीव ओता.

२ फेब्रुवारी

इंग्रजी हवं का? हवं. त्याच प्लेटवर नको, मागच्या बाजूला दुसरी प्लेट. मग वहिनींनी कन्नडचा मुद्दा काढला. अंबाबाईला, जोतिबाला येणाऱ्यांत कर्नाटकातली माणसं केवढी असतात, आणि राधाबाईंचं माहेर मुधोळ आज कर्नाटकातच आहे. मुद्दा बिनतोड. खर्च मात्र तिसऱ्या प्लेटचा. लांबणीवर.

या निमित्तानं सरांनी एक मजेची गोष्ट सांगितली. शाहू महाराजांच्या आधीच्या पिढीतले राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले. तिथल्या नदीकाठच्या बागेत त्यांचं स्मारक आहे, १८७४ सालचं, मजकूर अनेक भाषांत कोरलेला. वरची छत्री मेजर मँटची, म्हणजे ज्यानं न्यू पॅलेस काढला तोच. बावड्यात यशवंतराव जन्मले त्याच साली फ्लॉरेन्समध्ये कोल्हापूरकराचं स्मारक उभं राहिलं. तिकडं परमुलखात अनेक भाषा जमल्या आणि आमचं इथं दोनातच घोडं अडलंय.

२३ फेब्रुवारी

पॅटर्न तयार. हात फिरवून बघितला. 'छत्रपती'तला 'त्र' सुरेख आलाय.

९ मार्च

पहिलं ओतकाम. धातू एलएम सहा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, यात सिलिकॉन जास्त असतं, पातळ होऊन बारीक जागेत नीट शिरतो आणि पावसाला टिकतो. सातशे अंशांच्या आसपास. पळीनं ओतताना बघायला सगळं मंडळ गेलं होतं; फौंड्रीवाल्यांनी निम्म्यांना बाहेर काढलं.

साचा फोडला. दोन दोष. 'यशवंतराव'मधल्या दुसऱ्या 'व'चं पोट भरलं. आणि १८९४ मधल्या ९ च्या एका फाट्यात वाळू ढासळून तो बुजला, उरला तो १. म्हणजे आमच्या पाटीनुसार महाराजांनी १८१४ साली राज्यकारभार हाती घेतला, जन्माच्या साठ वर्षं आधी.

काका तिथंच उकिडवे बसले, प्लेटवर बोट ठेवून बराच वेळ बघत. मग म्हणाले, "मातीत दम न्हाई." पुढच्या वेळी अक्षरांच्या बाजूची वाळू सीओटूची घ्यायची : सोडियम सिलिकेट मिसळून वरून कार्बन डायऑक्साइड गॅस सोडला की दगडासारखी कडक होते. उठावही सहा मिलिमीटरचा चार करायचा. सूर्यप्रकाशात सावली पडायला चार पुरतात.

नापास प्लेट वितळवून त्याच धातूत परत. फौंड्रीचं हे बरं असतं, चूक जागेवरच खपते.

१६ मार्च

दुसरी प्लेट. ९ हा ९ आहे. व हा व आहे. वजन वीस किलोच्या आसपास.

२८ मार्च

परवानगीच्या कागदांबद्दल फार लिहीत नाही. एका कार्यालयानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं 'जाहिरात फलक' असं सदर लावून भाडं किती देणार ते विचारलं. शाहू महाराज स्वतःची जाहिरात करत नाहीत हे पटवून द्यायला थोडा वेळ गेला. तिथल्याच एका क्लार्कबाईंनी योग्य नमुन्यात अर्ज लिहून दिला. त्यांचे आभार, नाव लिहायला त्या नको म्हणाल्या.

१३ एप्रिल

रंगावरून बैठक, आणि ही सगळ्यात लांबली. पार्श्वभूमी कुठल्या रंगाची? निळा म्हटलं की एक जण हसतो, भगवा म्हटलं की दुसरा, हिरवा आणि पिवळा यांचेही धनी ठरलेले. महाराजांवर हक्क सगळ्यांचाच, हीच तर पंचाईत. शेवटी काळा. कोल्हापूरच्या दगडाचा रंग, न्यू पॅलेसही काळ्या घडीव दगडाचाच, कुणाची हरकत नाही. पूर्ण प्लेटला काळी पावडर कोटिंग, मग उठावाच्या अक्षरांचा फक्त माथा घासून चकचकीत धातू उघडा करायचा आणि वर पारदर्शक लॅकर.

११ मे

पाया. वळवाच्या आधी काँक्रीट झालं पाहिजे म्हणून घाई केली. खड्डा तीन फूट, तळाला खडी. खांब गॅल्व्हनाईज पाईपचा. पहाटे काम, कारण ऊन आणि ट्रॅफिक दोन्ही कमी. उसाच्या ट्रॉल्या आता नाहीत. खडूची खूण पुसली गेली होती, पण माप वहीत होतं.

टपरीवाल्या भाऊंनी पाणी मारायची जबाबदारी घेतली. "माझ्याच दारात हाय, मारतो की सकाळ-संध्याकाळ." मारलंही. त्यांची एक अट : फलकावर टेकून कुणी बसलं तर आम्ही त्यांना बोल लावायचा नाही.

८ जून

प्लेट बसवली. लोखंडी खांब आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना थेट टेकले आणि त्यात पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम खात जातं, म्हणून मध्ये रबराची गास्केट आणि नायलॉनचे वॉशर. बोल्ट स्टेनलेसचे, विशेष माथ्याचे. साध्या पान्ह्यानं सुटत नाहीत. बाण पॅलेसच्या दिशेनं.

सर आले, चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवत संपूर्ण वाचलं, तारखा मोठ्यानं. काही बोलले नाहीत. मग मला विचारलं, शिवाजी मार्केटच्या फलकाची बैठक कधी?

२६ जून

जयंती. सकाळी जन्मस्थळी दरवर्षीप्रमाणं मान्यवरांचं अभिवादन, शाळांच्या पोरांच्या रांगा, दसरा चौकातल्या पुतळ्याकडं निघालेल्या मिरवणुका. आम्ही फलकाचं उद्घाटन वगैरे ठेवलं नव्हतं. ठेवलं असतं तर कोनशिलेवर कुणाचं नाव वर यावरून आणखी एक वर्ष गेलं असतं.

पावसातच एका शाळेची रांग फलकापाशी थांबली. बाईंनी एका मुलीला वाचायला लावलं. 'दत्तक गेले' इथं ती अडली आणि तिनं विचारलं, "म्हणजे त्यांच्या पप्पांनी देऊन टाकलं?" बाईंनी पाच मिनिटं तिथंच उभं राहून समजावलं, मागच्या रांगेची छत्र्यांची गर्दी झाली, वाहतूक तुंबली. माणगाव परिषद, धरण, मिल यातलं त्यात काही आलं नाही. त्या मुलीचे प्रश्नही संपेनात : मग त्यांचा भाऊ कुठं राहिला? आई रडली नाही का? आई तेव्हा नव्हत्या, असं बाईंनी सांगितलं. ते फलकावर नाही. बाईंना माहीत होतं.

दुपारी कुणीतरी फलकाला झेंडूचा हार घातला तो नेमका १८७४ वर आला. संध्याकाळी काढला.

१४ जुलै

पंचगंगा चढतेय. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी सगळ्यांच्या मोबाईलवर. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. शियेकडचा रस्ता पाण्याखाली गेला की बाहेरची माणसं इकडं येतच नाहीत, तेव्हा वाचणारे सध्या गावचेच. पाया बघून आलो, माती खचलेली नाही. गास्केटच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी झिरपतंय, पाऊस ओसरला की सिलिकॉन भरायचं.

उरलेली कामं : इंग्रजी प्लेट, मजकूर वहिनींकडं. कन्नडसाठी निपाणीच्या एका शिक्षकांशी बोलणं झालंय, तपासून देतो म्हणालेत. पॅटर्न फौंड्रीत न ठेवता मंडळाच्या माळ्यावर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. विशेष बोल्टचा पान्हा कपाटात, वरच्या कप्प्यात, चावी टपरीवाल्या भाऊंकडं. दर मे महिन्यात साबणपाण्यानं धुवायचं. कुणी कितीही उत्साहानं ऑईलपेंटचा डबा घेऊन आलं तरी अक्षरांना सोनेरी रंग लावू द्यायचा नाही.